दुखण्याचे मूळ

माणसाला दुखणे सोसते. दुखण्याचे कारण कळले नाही तर ते मात्र सोसत नाही. अंगात ताप भरला की पहिला प्रश्न औषधाचा नसतो, 'कशाने आला?' हा असतो. मग घरातले प्रत्येकजण आपापल्या परीने उत्तर देते. आजीला दृष्ट दिसते, आईला परवाचे शिळे वडे आठवतात, काकांना पावसात भिजणे आठवते आणि शेजारच्या गृहस्थांनी नुकतेच एखादे पुस्तक वाचलेले असले तर त्यांना आतड्यांत साठलेला मळ दिसू लागतो. डॉक्टर येतात ते सर्वांत शेवटी, आणि त्यांनी सांगितलेले कारण बहुधा सर्वांत बेचव असते. दिवाळीच्या फराळात हा विषय काढल्याबद्दल वाचकांनी रागावू नये. फराळानंतरच या चर्चेला खरा रंग चढतो, हा आपणा सर्वांचाच अनुभव आहे.

मी उमरखेडचा. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे आमचे गाव. १८५३च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, तेव्हापासून १९४८ सालापर्यंत पैनगंगा ही आमच्याकडे दोन राजवटींची हद्द होती. अलीकडे एक सरकार, पलीकडे निजामाचे. अलीकडच्या सरकारनेही आम्हांला एका जागी राहू दिले नाही. १९०५ साली वाशीम जिल्हा मोडला आणि आमचा पुसद तालुका यवतमाळला जोडला गेला. माणसांच्या हद्दी अशा बदलत राहिल्या. रोगराईला मात्र कोणाचीच हद्द ठाऊक नव्हती.

पटकीची साथ आली की ती मरीआईचा कोप. मग गावाने वर्गणी काढायची, नैवेद्य करायचा, मरीआईचा गाडा सजवायचा आणि तो वाजतगाजत शिवेपर्यंत ओढत नेऊन पलीकडे सोडून द्यायचा. पलीकडच्या गावाने तो आपल्या पुढच्या शिवेवर न्यायचा. या चालीत भाबडेपणा आहे, तसा थोडा अप्पलपोटेपणाही आहे. परंतु गाडा गेला की काही दिवसांनी साथ ओसरे, हेही खोटे नव्हते. साथ ओसरतच असते. ज्यांना व्हायची त्यांना होऊन गेलेली असते आणि उरलेले गाव सोडून मळ्यांत राहायला गेलेले असतात. पण ओसरल्याचे श्रेय गाड्याला मिळे आणि मरीआईचे कारणपण आणखी पक्के होई. गुण येणे निराळे आणि कारण कळणे निराळे, हा या साऱ्या इतिहासाचा पहिला धडा आहे.

हा धडा केवळ आमच्या अडाणी मुलखाचा आहे असे समजू नये. जर्मनीत म्युनिक शहरी पेटेनकोफर नावाचे आरोग्यशास्त्राचे थोर आचार्य होते. कॉख याने १८८४ साली कलकत्त्यात पटकीच्या जंतूची खातरजमा केली, तरी नुसता जंतू रोग करतो हे पेटेनकोफरांना पटेना. मूळ कारण जमिनीत आणि तिच्या ओलाव्यात आहे असे त्यांचे मत. १८९२ साली ते सिद्ध करण्यासाठी त्यांनी त्या जंतूंचे पाणी स्वतः पिऊन दाखविले! थोडेसे पोट बिघडले, एवढेच. म्हातारे आचार्य विजयी मुद्रेने वावरू लागले. पण त्याच वर्षी हँबुर्ग शहरात पटकीने आठ हजारांहून अधिक माणसे नेली. हँबुर्गला लागूनच आल्टोना हे शहर. दोन्ही शहरे एल्ब नदीचेच पाणी पीत. आल्टोना ते वाळूतून गाळून घेई, हँबुर्ग तसेच पिई. दोन्ही शहरांची हद्द ज्या रस्त्यातून जाई, तिथे एका बाजूला तिरड्या बांधल्या जात होत्या आणि दुसरी बाजू बहुतांशी सुखरूप होती. एका माणसाचे धाडस जे सांगू शकले नाही, ते एका रस्त्याने सांगितले.

हिवतापाचे मूळ तर आमच्या शेजारीच सापडले. हजारो वर्षे जगाने हा ताप दलदलीच्या दूषित हवेने येतो असे मानले; युरोपीय भाषांत त्याचे नावच 'वाईट हवा' असे पडले. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरला निजामाच्या राज्यात सिकंदराबादेस एका डासाच्या पोटात त्या रोगाचे परजीवी आढळले. आमच्या बाजूची माणसे तेव्हाही संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करीत होती. तो धूर ती वाईट हवा घालवण्यासाठी करीत. पळत मात्र डास. उपाय काही अंशी बरोबर, कारण साफ चूक.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे वळतो. देवदेवतांचा कोप सुशिक्षितांनी सोडला, तरी गूढ कारणाची ओढ त्यांनी सोडली नाही. ती त्यांना एका नव्या ग्रंथात सापडली. जर्मनीतल्या लाइपझिग शहरी लुई कूने नावाचा एक गृहस्थ होता. वैद्यकाची पदवी नाही. परंतु स्वतःच्या दुखण्याला डॉक्टरांकडून गुण येईना म्हणून तो निसर्गोपचाराकडे वळला आणि १८८३ साली त्याने आपले उपचारगृह काढले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: रोग अनेक नाहीत, एकच आहे. नको ते आणि नको तितके खाल्ल्याने पोटात विजातीय द्रव्य साठते, ते आंबते, त्याची उष्णता अंगभर चढते आणि तेच कोठे ताप, कोठे संधिवात, कोठे गळू होऊन बाहेर पडते. माणसाचा चेहरा व मान पाहून हे द्रव्य कोठे साठले आहे ते आपण सांगतो, असाही त्याचा दावा होता. उपाय एकच. थंड पाण्याच्या टबात बसून कटिस्नान, साधा शाकाहार, आणि औषधांना रजा.

हे पुस्तक हिंदुस्थानात अनेक भाषांत उतरले आणि घरोघर गेले. याचे नवल वाटायला नको. पोट हे रोगांचे माहेरघर, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. कुपित झालेले मल हेच सर्व रोगांचे निदान, असे वाग्भटानेही सांगून ठेवले आहे. त्याचा 'मल' म्हणजे नुसती विष्ठा नव्हे, वातपित्तादी दोष. पण इतका बारकावा कोण पाहतो? लाइपझिगचा पाहुणा ओळखीची भाषा बोलत आला आणि आपण त्याला घरचाच समजून पाट मांडला.

आमच्या आजोबांपाशी असा एक जस्ती पत्र्याचा टब होता. पोट दुखो, डोके दुखो की सर्दी होवो, आज्ञा एकच: "बस टबात!" लंघन आणि पोटावर मातीची पट्टी ही पुढची कलमे. आम्हां पोरांना थंडीत तो टब म्हणजे यमाचा पाट वाटे. परंतु खरे सांगायचे तर आजोबांच्या उपचाराने घरातली निम्मी दुखणी बरी होत. होणारच! सर्दी चार दिवसांत जातेच; अजीर्णाला उपवासासारखे औषध नाही; आणि अशक्त माणसाला विश्रांती व साधे अन्न मिळाले तर तो सुधारतो. आजोबा म्हणत, कूनेचे खरे ठरले. मला आता वाटते, खरा ठरला तो उपवास. विजातीय द्रव्याची साक्ष कोणी काढलीच नव्हती.

कूनेचे सर्वांत थोर शिष्य म्हणजे महात्मा गांधी. दक्षिण आफ्रिकेतच त्यांनी कूनेचे स्नान आणि आडोल्फ जुस्ट याचे मातीचे उपचार स्वतःवर करून पाहिले. १९०२ साली मुंबईत गिरगावात राहत असता त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वराने अंथरुणाला खिळला. पारशी डॉक्टरांनी अंडी व कोंबडीचा रस्सा द्यायला सांगितले. गांधीजींनी ते नाकारले. कटिस्नान, ओल्या चादरीची लपेट आणि संत्र्याचा रस यांवर मुलाला ठेवले. ती रात्र बापाने कशी काढली असेल ते ज्याच्या घरी आजारी मूल आहे त्यालाच कळेल. मुलगा वाचला. पुढे आत्मकथेत हा प्रसंग सांगताना गांधीजींनी विजयाचा डंका पिटला नाही. ईश्वराच्या कृपेने बरा झाला, पाण्याच्या उपचाराने झाला, की पथ्याने आणि शुश्रूषेने, हे कोणी सांगावे, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे. कूनेच्या किती शिष्यांना एवढा संशय सुचला असेल!

पण प्रत्येक वेळी संशयाला सवड मिळत नाही. १९३०च्या प्रारंभी, दांडीयात्रेची तयारी चालू असताना, साबरमतीच्या आश्रमात देवीची साथ शिरली. देवीच्या लशीला गांधीजींचा विरोध होता. ज्यांना टोचून घ्यायचे त्यांना त्यांनी मना केले नव्हते. तरी त्यांच्या शब्दाचे वजनच असे की सक्तीची गरज नसे. त्या साथीत आश्रमातली तीन मुले गेली. त्यांतले एक पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचे. खरे हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य; आश्रमाच्या प्रार्थनेत भजने म्हणणारा आवाज त्यांचा. मूल गेले तरी त्या आवाजाने प्रार्थना सोडली नाही, आणि १२ मार्चला ते दांडीच्या वाटेवर चालू लागले. त्यांच्या धैर्यापुढे मान लवते. परंतु देवीचे मूळ पोटातल्या विजातीय द्रव्यात नव्हते. जेनरची लस १७९६ पासून होती, मुंबई बेटावर ती १८०२ साली पोचलीही होती, आणि त्याच लशीने पुढे १९७५ साली हिंदुस्थानातून देवी कायमची गेली. मरीआईच्या गाड्याने जे नुकसान केले नसेल, तेवढे कधी कधी थोर माणसाच्या एका मताने होते.

तरीही गांधीजींचा मोठेपणा असा की देहाने पुरावा पुढे ठेवला की ते तो ऐकून घेत. १२ जानेवारी १९२४च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांचे आंत्रपुच्छ कापून काढले. मध्येच वीज गेली आणि शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली. १९४४ साली तुरुंगातून सुटल्यावर तपासणीत त्यांच्या आतड्यांत अंकुशकृमी व आमांशाचे अमीबा सापडले. दुखण्याचे मूळ पोटातच होते खरे, पण ते अपथ्याचे नव्हते. ते मातीतून आणि पाण्यातून आलेले होते. अंकुशकृमी अनवाणी पायांच्या कातडीतून शरीरात शिरतो. ज्यांना चप्पल मिळत नाही अशा कोट्यवधींच्या पोटात तो होता. त्यांच्या प्रतिनिधीच्या पोटातही निघाला. पुढे २२ मार्च १९४६ रोजी गांधीजी पुण्याजवळ उरुळीकांचनला गेले आणि गरिबांसाठी निसर्गोपचाराचे काम त्यांनी मणिभाई देसाई व विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा भावे यांच्या हाती सोपविले. तो आश्रम आजही चालू आहे. मिताहार, स्वच्छता, उजेड, चालणे हे तिथले धडे कोणत्याही डॉक्टरला मान्य होतील.

गूढ कारण नसतेच असे मात्र म्हणू नये. ते असते, आणि कित्येकदा कल्पनेपेक्षाही विलक्षण असते. नारूचेच पाहा. पायाला फोड यावा, तो फुटावा आणि आतून दोऱ्यासारखा दोन हात लांब जंत निघावा. तो काडीला गुंडाळीत रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सडायचा. हा पूर्वजांचा शाप नाही तर काय, असे कोणालाही वाटावे. १८७० साली फेडचेंको या रशियन शास्त्रज्ञाने दाखविले की पाण्यातल्या एका चिमुकल्या जीवाबरोबर हा जंत पोटात जातो. पाणी प्यायले गेल्या वर्षी आणि फोड आला यंदा. माणूस संबंध जोडणार कसा? उपाय किती सोपा निघाला! पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवून पाणी भरू नये आणि पाणी फडक्याने गाळून प्यावे. महाराष्ट्रासह सात राज्यांत हे काम घरोघर झाले. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात आढळला, आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. वस्त्रगाळ पाणी पिणारे आपले आजीआजोबा अहिंसेसाठी ते गाळीत. जीव वाचत होता तो त्यांचाच.

आणि कधी कधी मूळ मुळीच गूढ नसते, आपणच ते झाकून ठेवतो. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली आणि २० हून अधिक जण दगावले. कपाशी पुरुषभर उंच वाढलेली, तोंडाला फडके, पाठीवर पंप, वारा समोरून. यात ना ग्रह होता, ना पूर्वजन्म, ना पोटातला मळ. हातमोजे, मुखवटा आणि वेळेवर मिळालेला सल्ला यांचा अभाव हेच कारण.

म्हणून मला वाटते, 'दुखण्याचे मूळ कशात आहे?' हा प्रश्न घरोघर विचारला जावा. तो विचारणारी आजी वेडी नव्हे. फक्त उत्तर मिळाले की आणखी एक प्रश्न जोडावा: हे खोटे असेल तर ते आपल्याला कशावरून कळेल? आल्टोनाच्या रस्त्याने, सिकंदराबादच्या डासाने आणि नारूच्या विहिरीने या प्रश्नाचे उत्तर दिले. मरीआईच्या गाड्याला आणि आजोबांच्या टबाला तो कोणी विचारलाच नाही. एरवी फराळ बेताने करावा, पाणी गाळून-उकळून प्यावे आणि मुलांच्या लशी चुकवू नयेत. एवढ्याने वर्ष पुष्कळसे सुखाचे जाते.