पिल्सेनची सोनेरी बिअर

बोहेमियातील, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील, पिल्सेन नगरात 1838 साली नासलेल्या बिअरची 36 पिंपे नगरभवनासमोर ओतून देण्यात आली, आणि बिअर बनवण्याचा परंपरागत हक्क असलेल्या नागरिकांनी एकत्र येऊन सामाईक कारखाना उभारला. तेथे बव्हेरियातून आणलेल्या योझेफ ग्रोलने 5 ऑक्टोबर 1842 रोजी पहिली बिअर घातली. एल या बिअरच्या प्रकारात यीस्ट उबदार हवेत द्रवाच्या पृष्ठभागी काम करते. ग्रोलने मात्र थंडीत संथपणे आंबवून तळाशी बसणारे यीस्ट वापरले आणि वालुकाश्मात खोदलेल्या थंडगार तळघरांत बिअर मुरू दिली. तरीही खरे श्रेय माल्टला, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाला, द्यावयास हवे. कारण इंग्लिश पद्धतीने, धुराचा स्पर्श न होऊ देता वाळवल्यामुळे तो फिकट राहिला आणि बिअरला नितळ सोनेरी रंग आला. अतिशय मृदू पाणी व झाटेत्स परिसरातील हॉप, म्हणजे कडवटपणा आणि सुगंध देणारी वेलीवरची फुले, यांनी तिची चव घडवली. ‘पिल्सनर उर्केल’ या नावाने विकल्या जाणाऱ्या या बिअरसाठी माल्टच्या लगद्याचा काही भाग तीनदा वेगळा काढून उकळण्याची वेळखाऊ, पण चवीला खोली देणारी रीत आजही पाळली जाते.