हाली सिक्का : धाराशिव जिल्ह्यातील लहान नाणी व त्यांचे ठसाभेद

हैदराबादच्या निजामी राज्याचे स्वतंत्र चलन. ‘हाली’ म्हणजे चालू, प्रचलित. धाराशिव जिल्हा (पूर्वीचा नळदुर्ग, नंतर उस्मानाबाद; २०२३ पासून अधिकृत नाव धाराशिव) १९४८ पर्यंत या राज्यात होता. त्याला लागूनच बार्शी व सोलापूर हा ब्रिटिश मुलूख असल्याने येथील बाजारात हाली आणि ‘कलदार’ हे दोन्ही रुपये चालत. त्यांचा दर पुढे ७ हाली रुपयांस ६ कलदार असा स्थिरावला. म्हणजे १०० कलदार रुपयांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली पडत. तेर येथील सातवाहन नाण्यांकडे अभ्यासकांचे लक्ष लवकर गेले. त्या मानाने हाली चवल्या-पावल्या (दोन व चार आण्यांची नाणी) उपेक्षित राहिल्या. वास्तविक ठसाभेदांच्या अभ्यासास ही लहान नाणी फार उपयुक्त आहेत.

जुनी हाली नाणी हातोड्याने पाडली जात. खालचा ठसा ऐरणीत बसविलेला असे आणि चकतीवर वरचा ठसा धरून घाव घालीत. घाव थेट वरच्या ठशावर बसत असल्याने तो लवकर झिजे व बदलावा लागे. त्यामुळे खालच्या एकाच ठशाबरोबर वरचे अनेक ठसे वापरलेले आढळतात. प्रत्येक ठसा कारागीर हाताने कोरी. साहजिकच दोन ठशांवरील अक्षरांमधील अंतर, नुक्त्यांची जागा व अक्षरांची जाडी तंतोतंत जुळत नाही. शिवाय ठसा चकतीपेक्षा मोठा असे. रुपयावर फारसी लेखाचा बराच भाग उमटे. चवलीवर मात्र दोन-तीन शब्दांचे तुकडेच येत आणि हिजरी साल बहुधा चकतीबाहेर जाई.

अशा वेळी निजामाची ओळख एका अक्षरावर अवलंबून असते. आरंभी लेख दिल्लीच्या बादशहाच्या नावाचा असे; राज्यकर्त्या निजामाचे केवळ आद्याक्षर त्यात घालीत. नासिरुद्दौलासाठी (कार. १८२९–५७) ‘नून’, अफजलुद्दौलासाठी (कार. १८५७–६९) ‘अलिफ’ व महबूब अली खानासाठी (कार. १८६९–१९११) ‘मीम’ अशी ही अक्षरे होत. १८५७ च्या उठावानंतर बादशहाचे नाव गाळून ‘निजामुल्मुल्क आसफजाह बहादुर’ हा लेख आला, तरी आद्याक्षराची प्रथा चालू राहिली. हे अक्षरच चकतीबाहेर गेले असल्यास शेजारच्या शब्दांची ठेवण पाहावी लागते. एकाच ठशाच्या अनेक प्रती मिळाल्या, तर त्यांवरील तुकडे पातळ कागदावर उतरवून एकमेकांवर ठेवावेत. एकीवर नसलेला भाग दुसरीवर सापडतो व ठशाचे मूळ रूप हळूहळू उभे राहते. या कामी भिंगापेक्षा चिकाटी अधिक लागते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड व रायचूर दुआब यांबरोबर धाराशिवचा मुलूखही निजामाने कंपनीच्या ताब्यात दिला. कर्नल मेडोज टेलर याने नळदुर्ग येथून त्याचा कारभार पाहिला. १८६० मध्ये हा मुलूख निजामास परत मिळाला. या सात वर्षांतील हाली नाणे जिल्ह्यात मिळाले, म्हणून तेथे तेव्हा निजामाचा अंमल होता असे ठरत नाही. नाणे टांकसाळीचा काळ सांगते, सापडल्या जागेच्या सत्तेचा नव्हे.

यंत्रावर पाडलेल्या पहिल्या नाण्यांना ‘चरखी’ म्हणत. हिजरी १३२१ (१९०३–०४) पासून चारमिनारच्या चित्राची सुबक नाणी निघू लागली. त्यांवर इमारतीच्या वर ९२ हा आकडा आहे (अब्जद पद्धतीने ‘मुहम्मद’ या नावाची बेरीज), तर कमानीत निजामाचे आद्याक्षर. येथे कामाचा ठसा मूळ ठशावरून उतरवीत असल्याने अक्षरांतील अंतर नाण्यागणिक बदलत नाही. ते बदललेले दिसले, तर मूळ ठसाच नवा केला असे समजावे. याचे उत्तम उदाहरण म्हणजे मीर उस्मान अली खानाचे ‘ऐन’ हे अक्षर. आरंभी ते आखूड, जणू अर्धेच कोरलेले आहे. नंतर पूर्ण झाले. हिजरी १३३० च्या नाण्यांत दोन्ही प्रकार मिळतात. महबूब अली खान १३२९ च्या रमजानमध्ये (ऑगस्ट १९११) निवर्तला. त्या वर्षात दोन राजवटी येत असल्याने केवळ सालावर विसंबून चालत नाही. कमानीतील अक्षर आणि मागील बाजूवरील जुलूस (राज्यारोहण) वर्ष ताडून पाहावे लागते. सुमारे १.४ ग्रॅम वजनाच्या झिजलेल्या चवलीवर ‘मीम’ची बंद गाठ व ‘ऐन’चा उघडा आकडा यांत फसगत सहज होते.

सालाबाबत आणखी एक घोटाळा संभवतो. राज्याचे महसुली दप्तर फसली सनाचे, नाणी हिजरी सनाची. हिजरी १३२१ म्हणजे १९०३–०४, तर फसली १३२१ म्हणजे १९११–१२. दप्तराच्या सवयीने नाण्याचे साल वाचल्यास आठ वर्षांची चूक होते आणि एका निजामाचे नाणे दुसऱ्याच्या नावे जमा होते.

संग्राहकांच्या याद्यांत ठशाला गेलेली प्रत्येक चीर हा स्वतंत्र प्रकार मानण्याकडे कल दिसतो. तो योग्य नव्हे. चीर ठशाचे वय दाखविते, त्यामुळे नाण्यांचा क्रम लावण्यास ती उपयोगी पडते. प्रकार मात्र अक्षर, आकडा वा मांडणी बदलली तरच मानावा. हिजरी १३६२ (१९४३) पासूनच्या मध्यभागी भोक असलेल्या दोन पैंनाही हेच लागू आहे : भोक बाजूला सरकलेले असेल, तर तो पाडणीचा दोष समजावा.

विलीनीकरणानंतर १९५० च्या दशकात हाली चलन व्यवहारातून गेले. बरीच चांदीची नाणी वितळली. काही लमाणी व इतर स्त्रियांच्या माळांत राहिली. अशा नाण्यांना डाख देऊन कडी जोडताना काठावरील अक्षरे झाकली जातात. ती चिंचेने किंवा राखेने घासली, तर अक्षरांच्या कडा झिजून ठसाभेद कायमचे नाहीसे होतात. म्हणून माळ न उसवता, न घासता, दोन्ही बाजूंचे छाप कागदावर घेणे हीच नोंदीची सुरक्षित रीत आहे.