तळटीप : लांडवेर घोडदळाचा गणवेश
१. लांडवेर घोडदळ — प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याने १७ मार्च १८१३ च्या फर्मानाने नेपोलियनविरुद्ध उभारलेल्या नागरी सैन्याची घोडेस्वार शाखा. नेपोलियनने लादलेल्या १८०७ च्या टिल्झिट तहानंतर प्रशियाचा खजिना रिता झालेला; त्यामुळे कपड्यालत्त्याचा भार जिल्ह्यांवर आणि खुद्द शिपायांवर पडला. निळा किंवा काळा, कमरेखाली घोळदार असा सैल डगला (लिटेव्का), हाती भाला आणि टोपीवर देव, राजा व पितृभूमी यांचे ब्रीद कोरलेला धातूचा क्रूस, एवढाच सरंजाम. प्रांत ओळखू येई तो कॉलरच्या रंगावरून : सिलेशियाची पिवळी, पोमेरेनियाची पांढरी. प्रस्तुत ग्रंथातील चित्रांत एकाच पथकातील स्वारांच्या पोशाखात तफावत दिसते. ती त्या ओढग्रस्तीची, आणि तरीही लढायला उभ्या राहिलेल्या माणसांची, खरी साक्ष आहे. — संपादक