ग्योझा, दिंड आणि पिठाचा कोंबडा



मागच्या महिन्यात लेकीचा टोकियोहून फोन आला, तेव्हा आमच्या सुलतानपुरात संध्याकाळचे पाच वाजले होते. तिकडे रात्रीचे साडेआठ. मी सूर्यास्ताआधीच्या स्वयंपाकाच्या गडबडीत होते आणि पोरगी पलीकडून रडत होती. ऑफिसच्या जेवणात भाजीचे म्हणून तिच्या ताटात ग्योझा वाढले गेले. दोन खाऊन झाल्यावर कळलं, आत डुकराचं मांस आहे. "आई, आता काय करू?" मला काही सुचेना. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "णमोकार म्हण, उद्या उपास कर, आणि रडू नको. घरी आलीस की माताजींपुढे सांगू."

फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारलं, "पण असतो तरी काय तो पदार्थ?"

मला फोटोपलीकडे काही माहीत नव्हतं. करंजीसारखा आकार, खालून खरपूस, वरून उकडलेला. मग पंधरा दिवस दुपारच्या वेळात वाचत बसले. त्यातून जे कळलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं, कारण आता आपल्यापैकी कितीतरी जणींची मुलं तिकडे आहेत.

ग्योझा मूळचा जपानचा नाहीच. तो चीनचा जिआओझी. चीनमध्ये दंतकथा सांगतात की साधारण अठराशे वर्षांपूर्वी झांग झोंगजिंग नावाच्या वैद्याने थंडीने कान फुटलेल्या गरिबांसाठी कानाच्या आकाराचे उंडे करून उकडले. दंतकथा सोडून द्या, पण तुर्फान भागातल्या अस्ताना इथल्या थडग्यांत तांग काळातले, म्हणजे बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीचे, वाळून कडक झालेले जिआओझी खरोखर सापडले आहेत. कोरड्या वाळवंटामुळे टिकले. उत्तर चीनमध्ये हा सणाचा पदार्थ. नववर्षाच्या रात्री सगळं घर बसून ते वळतं. बहुतेक वेळा पाण्यात उकडतात. तव्यावर भाजलेल्याला तिकडे वेगळं नाव आहे, त्याचा अर्थच 'भांड्याला चिकटलेला'. माझा पहिला घाणा झाला तेव्हा या नावाची सत्यता पटली.

जपानच्या घराघरांत तो पोहोचला तो युद्धामुळे. 1932 साली जपानने ईशान्य चीनमध्ये, मंचूरियात, आपल्या ताब्यातलं राज्य उभं केलं. सैनिकांमागोमाग शेतकरी, कारकून, बायकामुलं तिकडे गेली. 1945 मध्ये हरल्यावर पंधरा लाखांच्या आसपास जपानी माणसं तिथे अडकली होती. 1946 पासून हुलुदाओ बंदरातून त्यांना जहाजांनी परत आणलं. सगळं मागे राहिलं, हाताला लागलेली सवय तेवढी बरोबर आली. जपानात तांदूळ मिळत नव्हता, अमेरिकेचा गहू येत होता. मग या परतलेल्या लोकांनी मैद्याच्या पाऱ्या लाटून, जे मिळेल ते भरून, तव्यावर भाजून विकायला सुरुवात केली. उत्सुनोमिया या शहरातल्या लष्करी तुकडीचे लोक मंचूरियात होते, म्हणून तिथे ग्योझा रुजला असं सांगतात. तो इतका रुजला की 1994 साली स्टेशनासमोर ग्योझाचा दगडी पुतळा बसवला. (आपल्याकडे पुरणपोळीचा पुतळा कुठे आहे का? असेल तर कळवा.)

मला सगळ्यात नवल वाटलं ते लसणाचं. चीनमध्ये लसूण बाजूला घेऊन खातात, जपानमध्ये तो थेट सारणात गेला. आणि याच जपानमध्ये झेन मंदिरांच्या दारापुढे दगडी खांब उभे आहेत, त्यांवर कोरलेलं आहे की लसूण-कांद्यासारखे उग्र वासाचे पदार्थ आणि दारू घेऊन आत येऊ नये! मंदिरातल्या त्यांच्या जेवणात कांदा, लसूण, मांस, मासे काही नसतं. 675 साली तेन्मू सम्राटाने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खाण्यावर बंदी घातली होती. ती वर्षातले काही महिनेच होती, आणि मासे तर कायम खाल्ले जात, त्यामुळे फार भोळेपणाने घ्यायला नको. पण पुढे मांस खाण्याचा संकोच शतकानुशतकं राहिला. 1872 मध्ये मेइजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि ते आधुनिकतेचं लक्षण ठरलं. लेकीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी ज्या देशात आहे तिथेही आपल्यासारखं जेवण होतं!" होतं आणि आहे. शिवाय कोबे शहरात 1985 पासून आपलं जैन मंदिरही आहे, मोत्यांच्या व्यापारासाठी गेलेल्या कुटुंबांनी उभं केलेलं.

मग मी ठरवलं, करून बघायचा.

इथे सासूबाईंनी अडवलं. त्यांचं म्हणणं साधं नव्हतं. "यशोधर राजाची कथा विसरलीस? त्याने जिवंत नाही, पिठाचाच कोंबडा बळी दिला होता. तरी आईला आणि त्याला किती जन्म फिरावं लागलं! मांसाच्या पदार्थाचं नाव घेऊन, त्याचाच आकार करून खायचं, मग भाव कुठला राहिला?"

मैत्रिणींनो, ही कथा सोमदेवांनी 959 साली यशस्तिलकात लिहिली, पुष्पदंतांनीही त्याच शतकात लिहिली. आपण ती लहानपणापासून ऐकतो, पण स्वयंपाकघरात अशी समोर येईल असं वाटलं नव्हतं. मी दोन दिवस काही केलं नाही. मग त्यांना म्हटलं, "यशोधराने कोंबडा मारायचा म्हणून मारला, पिठाचा का असेना. मी दुधी भरणार आहे तो दुधी म्हणूनच. हा पदार्थ ज्या घरात गेला त्या घराला चालेल तेच त्यात भरलं गेलं. मग आपल्या घरात आल्यावर आपल्याला चालेल ते का नको?" त्या काही बोलल्या नाहीत. होकार मात्र दिला नाही.

निम्मा मैदा, निम्मी कणीक, मीठ, गरम पाणी. अर्धा तास झाकून ठेवली. तिकडे कोबी घालतात. कोबीतल्या अळ्यांच्या भीतीने मी तो आणतच नाही. म्हणून दुधी किसून, मीठ लावून, घट्ट पिळून घेतला. त्यात कुस्करलेलं पनीर, बारीक सिमला मिरची, मिरे, भाजलेले तीळ आणि आल्याऐवजी सुंठ. सोया सॉस आंबवलेला, तो नाही. गंमत म्हणजे आमच्याकडे कापूस-ज्वारीच्या शेतांत आता सोयाबीनच सोयाबीन, पण ते सगळं विकायला.

पातळ पारी, मध्ये चमचाभर सारण, कडेला एकाच बाजूने चुण्या. तीळ तेलावर तळ लालसर होऊ द्यायचा, मग अर्धी वाटी पाणी ओतून लगेच झाकण. चार-पाच मिनिटांनी पाणी आटलं की झाकण काढून पुन्हा थोडं तेल. पहिला घाणा लोखंडी तव्यावर केला आणि उलथन्याने खरवडून काढला. दुसरा बिडाच्या जुन्या, मुरलेल्या तव्यावर छान सुटला. पाण्यात चमचाभर मैदा कालवला की खाली कुरकुरीत जाळी येते. ही युक्ती टोकियोच्या कामाता भागातल्या एका हॉटेलात 1983 च्या सुमारास निघाली, आणि ते काढणारा माणूसही मंचूरियातच वाढलेला.

सूर्यास्ताला तासभर होता. सासूबाई आल्या, ताटाकडे बघितलं. नागपंचमीला शेजारच्या काकूंकडून उकडलेली दिंडं येतात, ती त्यांना फार आवडतात. एक ग्योझा उचलून त्यांनी उलटसुलट पाहिला, तोडून आतलं बघितलं, दुधीचा वास घेतला.

"मला दिंड म्हणून वाढ," म्हणाल्या.

तीन खाल्ले. लेकीला फोटो पाठवला, तर तिचं उत्तर आलं: "आई, एका बाजूला जाळी करपलीय. आणि सुंठ किती घातलीस, ते लिहून पाठव."