चढला म्हणून महाग?

आमच्या येरमाळ्यात ज्या फोनवर सोयाबीनचा भाव बघतात, त्याच फोनवर आता शेअरचेही भाव दिसतात. एखाद्या आयटी कंपनीचा शेअर वर्षात दुप्पट झाला की महामार्गालगतच्या हॉटेलात चहा येण्याआधी निकाल लागतो: "लई चढलाय, आता पडणारच."

हा पूर्वपक्ष अडाणी नाही, त्यामागे सोसलेला अनुभव आहे. ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले. केंद्राने सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली, नवा माल बाजारात आला आणि भाव कोसळला.

पण हा दाखला शेअरला लागू पडत नाही. सोयाबीन चढले की पेरा वाढतो, आयात होते; चढच उताराची तजवीज करतो. शिवाय थप्पीला ठेवलेले पोते वर्षभराने दोन पोती होत नाही. शेअर हे पोते नव्हे, तो रानातला वाटा आहे. त्याचे मोल पुढच्या सगळ्या सुगींवर ठरते.

इन्फोसिसचेच बघा. 1981 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या या कंपनीने 1993 मध्ये 95 रुपयांना शेअर विकायला काढला, तेव्हा पुरते गिऱ्हाईकही मिळाले नाही. बाजारात नोंदणी झाली ती 145 रुपयांना. "दीडपट झाला, महाग झाला" म्हणून जो तेव्हा हटला, त्याने पुढची सगळी सुगी गमावली.

यावर दुसरी बाजू लगेच सरसावते: "कंपनी चांगली असेल तर भाव बघूच नये." तिचेही खंडन हाच शेअर करतो. मार्च 2000 मध्ये तो शिखरावर होता. त्यानंतरच्या दहा वर्षांत कंपनीचा नफा वीसपटीहून अधिक वाढला. तरी शिखरावर घेणाऱ्याचे पैसे, बोनस धरूनही, 2010 च्या मार्चपर्यंत दुप्पट झाले नव्हते. कंपनीने कुठेच कसूर केली नव्हती; पुढची सुगी भावात आधीच मोजून दिलेली होती.

म्हणजे चढ हा महागाईचा पुरावा नाही आणि गुणवत्ता हा स्वस्ताईचा नाही. मग ठरवायचे कशावर? भावातच लिहिलेल्या अपेक्षेवर. समजा, शेअर वार्षिक नफ्याच्या शंभरपट भावाला मिळतो आणि दहा वर्षांनी तो पंचवीसपटीवर स्थिरावेल. मग आजचा भाव नुसता टिकायलाच नफा चौपट व्हावा लागेल. वर दरसाल 12 टक्के परतावा हवा असेल, तर नफा दहा वर्षे दरसाल सुमारे 29 टक्क्यांनी वाढला पाहिजे.

आता कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून विचारावे: एवढी वाढ आजवर सलग किती वर्षे जमली? तेवढे गिऱ्हाईक जगात उरले आहे का? नवे प्रतिस्पर्धी नफा खातील का? लहान कंपनीला 29 टक्के पेलतील. जिने अर्धा बाजार आधीच व्यापला आहे, तिला ते जड जातील. एवढी वाढ जमणार नाही असे उत्तर आले तर शेअर महाग, मग तो वर्षभर जागचा हललेला नसला तरी.

मात्र महाग ठरला म्हणजे उद्याच पडेल, असा अर्थ कोणी काढू नये. हा हिशेब किती द्यावे एवढेच सांगतो. कधी पडेल, हे हॉटेलातल्या निकालालाही कळत नाही.