विमान घ्यावं की तासावर उडवावं?

परवा रावेरहून मोठ्या काकांचा फोन आला. चुलतभाऊ वैमानिक व्हायचं म्हणतोय. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. तासाचा दर ऐकून काकांनी लगेच हिशेब मांडला, "इतकं भाडं भरण्यापेक्षा जुनं छोटं विमानच घेऊ. शिकून झालं की विकू. केळीच्या मळ्यातले दोन एकर काढतो."

ट्रॅक्टरच्या वेळी त्यांचं हे गणित बरोबर आलं होतं. तरी म्हटलं, काका, आठ दिवस थांबा. आणि जुना इतिहास चाळत बसलो.

गंमत म्हणजे हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे. १९२५ मध्ये डी हॅविलंडचं 'मॉथ' आलं आणि हौशी माणसाला परवडेल असं विमान मिळालं. पण परवडलं तरी पोसायचं कसं? त्यावर इंग्लंडने काढलेला तोडगा म्हणजे फ्लाइंग क्लब. विमान क्लबचं, पैसे तासाचे. १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला तो याच धर्तीवर. पुढे या क्लबने आपलं प्रशिक्षण आपल्या धुळ्याला नेलं.

जे. आर. डी. टाटा याच क्लबात शिकले. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना भारतातला पहिला परवाना मिळाला. म्हणजे विमान सहज घेऊ शकणारा माणूसही आधी क्लबातच शिकला!

१९३० मध्ये आगाखान पारितोषिकासाठी ते कराचीहून लंडनला निघाले, अस्पी इंजिनिअर उलट्या दिशेने. वाटेत इजिप्तमध्ये अबूकीरला अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडले होते. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग दिले, आणि शर्यत अस्पींनी जिंकली! पण दर वेळी असा जेआरडी भेटत नाही. क्लबात एक विमान बंद पडलं तर दुसरं मिळतं. एकट्या मालकाचं विमान बंद, म्हणजे शिक्षणही बंद.

१९३२ मध्ये टाटांनी विमानं घेतली ती टपाल वाहायला. ती कमावणार होती. खरी मेख इथेच आहे. हँगर, विमा, वार्षिक तपासणी हा खर्च विमान उडो न उडो चालूच. लायकमिंगसारख्या इंजिनाला २००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी होईल तेव्हा, संपूर्ण उघडून दुरुस्त करा असं कंपनीच सांगते. म्हणजे उभं राहूनही इंजिन म्हातारं होतं. सोपा आकडा धरू: ठरलेला खर्च वर्षाला १० लाख. वर्षात ४०० तास उडालं तर तासाला २,५००. ५० तासच उडालं तर २०,००० आणि इंधन वेगळंच. शिवाय परवान्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेतच शिकावं लागतं. ते आपल्या अंगणात कुठून आणणार?

हे सगळं काकांना सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खरंय. केळी दिल्लीला पाठवायची म्हणून मी काय रेल्वेची वाघीण विकत घेतो?"

मी जे आठ दिवस वाचून सांगितलं, ते त्यांनी एका वाक्यात संपवलं.

असो. फी भरायची आहेच, ती कर्ज काढून भरू म्हणतात. पण दोन एकर शाबूत आहेत.