आसाचे वंगण आणि करवतीचे तेल



चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात आता कितीतरी गावांत साखळीची करवत आली आहे. चेन सॉ हे तिचे नाव. कोणी तिला नुसते 'कटर' म्हणतात. मालकीचे सागवान परवानगी काढून तोडायचे असो, वादळात वाटेवर आडवे झालेले झाड बाजूला करायचे असो, की पडलेल्या झाडाचे ओंडके पाडायचे असोत, दोन माणसांचे अर्ध्या दिवसाचे काम तासाभरात उरकते. पण तिच्यात तेल कोणते घालायचे हे पुष्कळांना पक्के ठाऊक नसते. मग गॅरेजमधले काळे, जळके ऑइल फुकट मिळते म्हणून तेच टाकीत ओतले जाते. हा सौदा महागात पडतो. तो का, हे समजून घ्यायला बैलगाडीपासून सुरुवात केलेली बरी, कारण हेच कोडे आपल्या आजे-पणज्यांनी फार आधी सोडवले होते.

लोखंडी आस येण्याआधी गाडीचा आस लाकडाचा असे. धावड्याचे लाकूड चिवट आणि कणखर, म्हणून आसाला त्याची पसंती. लाकडावर लाकूड घासले की चाक कुरकुरते, तापते आणि झिजते. त्यावर उपाय वंगणाचा. एरंडेलात चिंध्या किंवा ताग भिजवून तो आसाभोवती गुंडाळायचा. गोदावरीच्या पलीकडे, तेलंगणाच्या बाजूला, पेंढा जाळून त्याची काळी राख एरंडेलात कालवत आणि तो घट्ट काला चाकाच्या तुंब्यात भरत. एरंड बांधावर आपोआप वाढे. बी भाजायचे, कुटायचे, पाण्यात उकळायचे आणि वर आलेले तेल काढून घ्यायचे, एवढाच खटाटोप.

आता विचार करा, एरंडेलच का? तेलबियांना या भागात तोटा नव्हता. धानाच्या बांधीत लाखोळीबरोबर जवस टाकायची रीत इथली जुनीच. मोहाच्या बियांचे तेल तर घरोघरी. पण जवसाचे तेल उघड्यावर ठेवले की वाळते आणि त्याचा चिकट पापुद्रा धरतो. रंगाऱ्याला तो गुण, गाडीवाल्याला अवगुण. मोहाचे तेल थंडीत तुपासारखे थिजते. एरंडेल मात्र हिवाळ्यातही वाहते राहते, दाट असते, आणि मुख्य म्हणजे घासणाऱ्या जागेला धरून बसते. ओघळून जात नाही. गाडीच्या आसाला घातलेले तेल काही परत डब्यात येत नाही, वाटभर सांडतच जाते. म्हणून जे जास्त वेळ टिकून राहील तेच खरे वंगण, ही त्यांची पारख होती.

ही पारख केवळ खेड्यातली नव्हती. एकोणिसाव्या शतकात आपल्या देशातल्या रेल्वेनेही डब्यांच्या चाकांना आणि दिव्यांना एरंडेल वापरले. पुढे विमाने आली. 1914 ते 1918 च्या पहिल्या महायुद्धातल्या कितीतरी विमानांच्या इंजिनांत वंगण म्हणून एरंडेलच असे, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही आणि उष्णतेत टिकते. ते जळता-जळता मागे उडे आणि वैमानिकाच्या तोंडावर येई. त्यामुळे बिचाऱ्यांची पोटे सुटत असे सांगतात. एरंडेलाचा तो दुसरा गुण आपल्याला सांगायला नकोच! कॅस्ट्रॉल हे मोटार ऑइलचे नावही 1909 मध्ये कॅस्टर ऑइलवरून, म्हणजे एरंडेलावरूनच पडले. मग जमिनीतून निघणारे खनिज तेल स्वस्त झाले, डब्यांतून गावोगाव पोचले आणि एरंडेल मागे पडले.

जंगलातली तोड मात्र बराच काळ माणसाच्या दंडावरच होती. आलापल्लीच्या रानातला साग कुऱ्हाडीने आणि दोन माणसांच्या करवतीने पडे, बैल आणि हत्ती तो ओढत, आणि बल्लारशाच्या डेपोत त्याचे लिलाव होत. हाताच्या करवतीला फारसे वंगण लागत नाही. पात्यावर चीक बसला की घासलेटाचे फडके फिरवले, झाले.

साखळीची करवत ही वेगळीच जात. जर्मनीत आंद्रियास श्टील यांनी 1926 मध्ये विजेवर चालणारी आणि 1929 मध्ये पेट्रोलवर चालणारी करवत काढली. ती पेट्रोलची करवत 46 किलोंची होती. उचलायला दोन माणसे लागत. दात मात्र लवकर बोथट होत. त्यावर तोड सुचली ती अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याला, आणि गंमत अशी की ती शिकवली एका अळीने. लाकूड पोखरणारी अळी आपले दोन जबडे डावीकडे-उजवीकडे आळीपाळीने चालवते हे त्यांनी 1946 मध्ये बारकाईने पाहिले आणि तशाच आकाराचे दात साखळीला बसवले. आजची साखळी त्याच वळणाची आहे.

ही साखळी पोलादी पट्टीच्या खाचेतून सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावते. लोखंडावर लोखंड, तेही अशा वेगाने! तेल पोचले नाही तर पट्टी तापून निळसर पडते, साखळी ढिली होते, खाच रुंदावते. आणि बैलगाडीसारखेच इथेही एकदा गेलेले तेल परत येत नाही. मोटारीच्या इंजिनात तेल फिरून फिरून येते. करवतीतले तेल भुश्याबरोबर जमिनीवर पडते, थोडे कापणाऱ्याच्या हातावर, कपड्यांवर उडते. म्हणजे टाकीत जे ओताल ते अखेर रानात आणि अंगावर जाणार. सगळी गोम इथेच आहे.

जळक्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजीचे लोखंडाचे बारीक कण असतात. ते पंपाचे छिद्र बुजवतात आणि पट्टीला कानशीसारखे घासतात. त्याहून वाईट म्हणजे इंजिनात जळताना त्यात कातडीला घातक द्रव्ये तयार होतात. इंग्लंडच्या सूतगिरण्यांत चात्यांना लावलेले खनिज तेल कामगारांच्या कपड्यांतून वर्षानुवर्षे अंगाला लागे. त्यांच्यात कातडीचा कर्करोग जास्त दिसतो, हे 1920 च्या दशकात तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिले. ते तर न वापरलेले तेल होते. आणि आपले रान नुसते लाकडाचे नव्हे. मोहाची फुले आपण जमिनीवरूनच वेचतो, त्याच पालापाचोळ्यावर हे काळे तेल पडते. पावसात ते वाहून बोडीत, तलावात उतरते. युरोपातल्या ऑस्ट्रिया देशात याच कारणाने 1992 पासून करवतीच्या साखळीला खनिज तेल वापरायला बंदी झाली. तिथले लाकूडतोडे मोहरीच्या जातीच्या बियांपासून केलेल्या, मातीत कुजून जाणाऱ्या तेलाकडे वळले. फिरून गाडी बियांच्या तेलावर आली म्हणायची.

आता कामाचे बोलू. करवतीत दोन तेले असतात आणि त्यांची गल्लत करायची नाही. एक पेट्रोलमध्ये मिसळायचे टू-टी ऑइल, जुन्या स्कूटरला घालत तसे. यंत्राच्या पुस्तकात 50 ला 1 असे प्रमाण दिले असेल तर एक लिटर पेट्रोलला 20 मिली. 25 ला 1 असेल तर 40 मिली. अंदाजाने ओतू नका. कमी पडले तर पिस्टन अडकतो, जास्त झाले तर प्लग काळा पडतो. मोटारीचे साधे इंजिन ऑइल इथे चालत नाही, आणि घरचे एरंडेल तर मुळीच नाही, ते पेट्रोलमध्ये नीट मिसळतच नाही.

दुसरे तेल साखळीचे. 'चेन ऑइल' म्हणून वेगळे मिळते, ते चिकट असते आणि वेगातही उडून जात नाही. शक्य असेल तर तेच घ्या. मिळालेच नाही तर नवे, स्वच्छ इंजिन ऑइल चालवून घेता येते: हिवाळ्यात 30 नंबर, वैशाखाच्या उन्हात 40 नंबर.  घाण्याचे तेल घालावे का, असे कोणी विचारील. चालू कामात ते वंगण देईल, पण करवत महिना-दोन महिने पडून राहिली की ते आत चिकटून बसते. रोजची तोड नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये असे आमचे मत आहे. जवसाचे तर कधीच नको.

पेट्रोल भरताना प्रत्येक वेळी साखळीचे तेलही भरा. इंजिन थंड होऊ द्या, पाचोळा बाजूला सारा, आणि जिथे भरले तिथून चार पावले दूर जाऊन सुरू करा. उन्हाळ्यात एका ठिणगीने रान पेटते. तेल पोचते की नाही हे पाहायला करवतीचे टोक कोऱ्या कागदावर किंवा ताज्या बुंध्यावर वीतभर वर धरून वेग वाढवा. तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. उमटली नाही तर काम थांबवा, पट्टी काढा, खाचेतला भुसा आणि तेलाचे छिद्र काडीने मोकळे करा. पावसाळ्यात करवत ठेवून देताना पेट्रोलची टाकी रिकामी करून उरलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा, साखळी घासलेटाने धुऊन वाळवा, तेलाचा हात फिरवा आणि कोरड्या जागी, चुलीपासून लांब, टांगून ठेवा.